फोटो खाली ठेवायचा नाही

पहिली थप्पड बसली तेव्हा क्लॅपची पाटी माझ्या हातात होती. शॉटच्या आधी ती मीच वाजवली होती. थप्पड माझ्या बापाला बसली.

लालबागच्या एका बंद गोदामात आम्ही मिलचं गेट उभं केलं होतं. गेटासमोर बाबा. बहात्तर वर्षांचा माणूस. अंगात खाकी शर्ट, डाव्या कानात ऐकायचं मशीन, कारण मिलमधल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या धडधडाटात तरुणपणीच कान गेलेले. दोन्ही हातांत एक फ्रेम केलेला फोटो, संपात मेलेल्या कामगाराचा. दिग्दर्शकाने त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. "काका, काहीही झालं तरी फोटो खाली ठेवायचा नाही. तुमच्या दोस्ताचा आहे असं समजा." बाबांनी मान हलवली. काम म्हटलं की ते नीट करायचं, एवढंच त्यांना माहीत.

मिलच्या साहेबाचं काम करणारा नट चालत आला. दोन वाक्यं बोलला. आणि खाडकन लावली.

थप्पड येणार हे बाबांना माहीत नव्हतं. युनिटमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. चहावाल्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"फोकस गेला," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "परत."

मी बाबांजवळ गेले. गालावर बोटं उठली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलले ते इथे लिहायला माझा हात धजत नाही, पण लिहिणारच. मी म्हणाले, "बाबा, अजून एकदाच."

ते मालवणीत म्हणाले, "तुजा काम आसा मा? मग रवतंय उभो."

एकदाच नव्हतं. तीनदा झालं. तिसऱ्या थपडेला मशीन कानातून उडालं आणि कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचं चाक त्यावरून गेलं. ओठ फुटला. रक्त फोटोच्या काचेवर पडलं. फोटो खाली पडला नाही. दिग्दर्शक ओरडला, "कट! काय नजर दिली काकांनी! ओके!" आणि सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. बाबांना त्या टाळ्या ऐकूच आल्या नाहीत.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की त्यांची जाहिरात होते. हिंदू कॉलनीतल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत सुरू झाली. आता परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दोन गाळे आहेत, भिंतभर परदेशी महोत्सवांची मानपत्रं आहेत. निनाद मालक आणि दिग्दर्शक. तिथे कुणी कुणाला सर म्हणत नाही, सगळे एकाच चटईवर बसून जेवतात. मी मुलाखतीला गेले तेव्हा त्याने माझं आडनाव विचारलं. चाळ विचारली. आणि म्हणाला, "वा! ऑथेंटिक." मूर्ख मी. मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं, पेढे वाटले.

माझं काम माणसं आणायचं. खरी माणसं. वस्तीत जायचं, त्यांच्या भाषेत बोलायचं, मावशी, काका म्हणायचं, विश्वास कमवायचा. नट घ्यायचे नाहीत, घेतले तर फक्त साहेबलोकांच्या कामाला. गरिबाचं काम गरिबानेच करायचं, आणि काय होणार ते त्याला आधी सांगायचं नाही. याला कंपनीत "कच्चा शॉट" म्हणतात. माणसाला कळायच्या आत घ्यायचा. घेऊन झाला की चहा, पेढ्याचा बॉक्स, मिठी, आणि माणूस अजून थरथरत असतानाच संमतीपत्रावर सही. सही घेणारी मी.

पहिला सिनेमा वरळी कोळीवाड्याचा. एक मावशी सुकट वाळत घालत होत्या. निनादने माणूस पाठवून त्यांना सांगितलं, तुमच्या पोराची होडी उलटली. त्या बाईने जी किंकाळी फोडली, ती ऐकून परदेशात लोक खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे. पोरगा जिवंत होता. आमच्याच गाडीत वडापाव खात बसला होता, आणि तो खाली उतरू नये म्हणून दाराशी मी उभी होते.

दुसरा कॉटन ग्रीनच्या गोदामातला. एका हमालाच्या पाठीवर तो पडेपर्यंत गठ्ठे चढवत राहिलो. पडला तो खराच पडला. तिसरा गिरगावातला, एका म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईचा. ती रविवारी चर्चमधून परत आली तर दाराला कुलूप, सामान जिन्यावर, येशूची तसबीर उलटी. दोन तास ती कुलूप नखांनी ओरबाडत होती. कॅमेरा चालू होता. तिची तुटलेली नखं पोस्टरवर आली.

या तिघांना मी आणलं. तिघांच्या सह्या माझ्या फाइलीत आहेत. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजवायचे की अगं, आपल्या लोकांचं दुःख जगाला दिसतंय. दिसत होतं ना! कुणी दिलं ते दिसत नव्हतं, एवढंच.

चौथा सिनेमा गिरणी संपाचा. त्याची गोष्ट मीच निनादला दिली. जेवता जेवता सांगितली, बढाई मारत. माझा बाप मिलमध्ये असताना एका ऑफिसरने त्यांच्यावर हात उचलला. बाबांनी तो हात वरच्या वर धरला. मारलं नाही, पिरगळला नाही. नुसता धरून ठेवला, अख्ख्या खात्याने बघेपर्यंत. आमच्या चाळीत ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. मी लहानपणी ती ऐकल्याशिवाय झोपत नसे.

निनादने वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाला, "सुंदर! फक्त आपल्या सिनेमात हात धरला जायला नको. धरला तर मसालापट होतो."

मग त्याने फोटोची युक्ती काढली. दोन्ही हात अडकवायची. हात धरणाऱ्या माणसाचे हात. ती युक्ती काय आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी बाबांना आणलं, कारण निनाद म्हणाला होता की याच्यानंतर तू सहदिग्दर्शक.

थपडेनंतर महिन्याभराने आवाज भरायचं काम चाललं होतं. छोटी खोली, भिंतीला स्पंज, मधोमध माइक. काचेपलीकडे आवाज टिपणारा डेन्झिल. निनादला बाबांच्या थपडेचा आवाज पसंत नव्हता. मला सांगितलं, मार्केटमधून मटण आण, चरबीचं. आणलं. टेबलावर ठेवलं. "मार," तो म्हणाला. मी उघड्या तळहाताने त्या मटणाला मारत राहिले. तो डोळे मिटून ऐकत होता. ओलं वाटतंय. जड वाटतंय. परत. समोर पडद्यावर बाबांचं तोंड पुन्हा पुन्हा उजवीकडे फिरत होतं, आणि प्रत्येक वेळी माझा हात खाली येत होता. माझाच हात त्यांच्या गालावर बसतोय असं दिसत होतं. खोटं कुठे होतं त्यात?

शेवटी निनादने डोळे उघडले. हसत म्हणाला, "म्हाताऱ्याच्या गालाला मांसच नाही यार, म्हणून मूळ आवाज पातळ आलाय. माणसाचाच गाल हवा. तू उभी राहतेस का? तुझ्याच वडिलांचा सीन आहे, फील पण येईल."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दिली ठेवून. मटणाच्या चरबीने बरबटलेल्या हाताने, पूर्ण ताकदीने. चष्मा उडून काचेवर आपटला. तो सावरायच्या आत दुसरी दिली.

त्याने माझी मान धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. स्पंजच्या खाली लाकूड असतं. एकदा, दोनदा. डोळ्यांसमोर अंधारी आली. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारा, सगळ्यांबरोबर चटईवर जेवणारा तो माणूस माझ्या तोंडावर थुंकत ओरडला, "चाळीतून उचलून वर आणलं तुम्हा लोकांना! लायकी आहे का तुमची?"

तुम्हा लोकांना. सात वर्षं तो शब्द त्याने तोंडात दाबून ठेवला होता. मी गुडघा मारला तेव्हा त्याने मान सोडली. डेन्झिल दारात येऊन उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "निनाद, सगळं रेकॉर्ड झालंय." मी माझी फाइल उचलली आणि बाहेर पडले.

मला वाटलं होतं, मारल्यावर मोकळं वाटेल. कसलं काय! कारण घरी बाबा होते, आणि त्यांना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

फाइलीत बाबांचं संमतीपत्र होतं. कोरं. त्या दिवशी फुटलेला ओठ बघून मला सही मागायचा धीर झाला नाही, आणि घरचाच माणूस म्हणून निनादने विचारलं नाही. आता तो विचारतोय. त्या कागदाशिवाय महोत्सव सिनेमा घेत नाही आणि तो शॉट काढला तर त्याच्या सिनेमात उरतं काय? आधी धमकी दिली. मग फोनवर आवाज गोड केला. "झालं गेलं सोड. काकांची सही दे, पुढचा सिनेमा तू कर." पुढचा सिनेमा! मला हवा होता तो. कबूल करते, रात्रंदिवस हवा होता. मी फोन कट केला.

मग बाबांसमोर बसले. त्यांना आता एकाच कानाने, तेही जवळून ऐकू येतं. त्यांनी तो कान माझ्याकडे केला आणि माझ्या कपाळावरची सूज बघत विचारलं, "तुका म्हायत होतां? तो मारतलो म्हणान?"

"हो," मी म्हणाले. मोठ्याने म्हणावं लागलं. शेजारच्यांनाही ऐकू गेलं.

ते म्हणाले, "फोटो होतो मा हातात. नायतर धरलंय असतंय." आणि ताट उचलून बाहेर गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवसापासून ते माझ्यासोबत जेवत नाहीत. त्यांनी मला माफ केलेलं नाही. करू नये.

बाबांच्या कागदावर सही होणार नाही. पण तेवढ्याने माझं भागत नाही. फाइलीत अजून तीन कागद आहेत, सह्या असलेले, फसवून घेतलेले. उद्या सकाळी वरळी कोळीवाड्यात जाणार आहे. मावशींना सांगणार, तुमचा पोरगा गाडीत होता आणि दार मी अडवलं होतं. त्या मला मारतील. कोळणीचा हात आहे, चांगलाच बसेल. माझे दोन्ही हात मोकळे असतील, आणि मी तो हात धरणार नाही. मारून झालं की त्यांच्या हातात त्यांचा कागद देईन. मग कॉटन ग्रीन, मग गिरगाव. आणि मग आम्ही सगळे मिळून निनादला जाब विचारायला परळच्या त्या गाळ्यांत जाऊ.