करंदीकर कुटुंबाचं मत

लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या वाचनगटाचे किस्से सिंकखालच्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे आहेत. टाकून द्यायचं जिवावर येतं आणि दार उघडलं की अंगावर पडतात. बहुतेक कुमुदताई करंदीकरांचे. दर गुरुवारी दुपारी आम्ही चौघीजणी त्यांच्याकडेच जमतो.

*

आमच्यातली रितू शाळेत हिस्ट्री शिकवते. जन्म इथलाच. एकदा ती अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हाचं सांगत होती. "न्यू जर्सीमध्ये विडोज आणि अनमॅरिड बायका व्होट करायच्या, मावशी, प्रॉपर्टी असली तर. वाइफला व्होट नाही, कारण तिचं सगळं नवऱ्याचं. नंतर विडोजचं पण काढून घेतलं."

कुमुदताई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे आपलं मंडळच की."

आमच्या मराठी मंडळात एका कुटुंबाला एक मत. हात नवऱ्यानेच वर करायचा असं कुठे लिहिलेलं नाही, पण बायकोने केलेला कुणी पाहिलेला नाही.

*

त्यांचे यजमान डॉक्टर करंदीकर मंडळाचे अध्यक्ष होते. भाषणं कुमुदताई लिहायच्या. एका गणपतीत डॉक्टरांनी रंगात येऊन वाचलं, "आणि म्हणूनच, मित्रहो, इथे थांबून पाणी प्या!"

पहिल्या रांगेने खरंच बाटल्या उघडल्या.

*

त्या काळी अमेरिकेतल्या बायका जेवणावळी घालून राजकारण हलवायच्या, असं रितूने वाचून दाखवलं. आम्हाला काही नवल वाटलं नाही. मंडळाने वेम्बलीचा हॉल ठेवायचा की सोडायचा, हे कुमुदताईंच्या किचनमध्ये साबुदाणा वडे तळताना ठरलं होतं. सभेच्या मिनिट्समध्ये आलं, "डॉक्टरांच्या सूचनेनुसार."

"वड्यांचं तरी नाव घालायचं," त्या म्हणाल्या.

*

शेवटी आमच्या आग्रहाने मंडळाच्या सभेपुढे एक ठराव गेला: प्रत्येक सभासदाला स्वतंत्र मत. मसुदा अर्थात कुमुदताईंचा. "एकदा तरी स्वतःचा हात वर करायचाय गं मला," असं त्या म्हणाल्या होत्या.

सभेच्या आदल्या दिवशी डॉक्टर त्यांना म्हणाले, "अगं, विरोधात चार शब्द लिहून दे."

त्यांनी दिले. इतके सुरेख दिले की ठराव पडला.

मी चिडले. "थोडं वाईट लिहायचं होतंत, ताई."

"त्यांचं भाषण फसलेलं मला बघवलं नसतं," त्या म्हणाल्या. ते आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

*

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. यंदाच्या सभेत तोच ठराव पुन्हा आला. घरचं मत आता कुमुदताईंकडे, म्हणून आम्ही मुद्दाम पुढे बसलो होतो. नवे अध्यक्ष एकेक नाव पुकारत होते.

"करंदीकर कुटुंब? ठरावाच्या बाजूने?"

कुमुदताई हलल्या नाहीत.

"विरोधात?"

त्यांनी हात वर केला.

परतीच्या ट्रेनमध्ये हॅरो स्टेशन गेल्यावर मला राहवलं नाही. "ताई, हे काय केलंत?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"करंदीकर कुटुंबाचं मत विचारलं त्यांनी. ते मला तोंडपाठ आहे. माझं विचारलं असतं, तर माझं सांगितलं असतं."