मी बदललेला मेनू

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की मुलं पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, बाबांनी रत्नागिरीत फार आधी कॉम्प्युटर चालवला. मी उठून पाणी आणायला जायचो. त्यांना तो साधेपणा वाटायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोर्टाजवळ एका भाईंचं टायपिंगचं दुकान होतं. भाई मूळचे पूर्णगडचे, त्यांचा धाकटा भाऊ आखातात. त्याच्या आग्रहामुळे भाईंनी कॉम्प्युटर घेतला आणि मला मुंबईला पाठवून थोडंफार शिकवून आणलं. तेवढ्यावर मी दुकानात 'सर' झालो.

आमच्याकडे एक टायपिस्ट बाई होत्या. चिपळूणकडच्या अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलेल्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्या ज्या क्लासात शिकल्या तिथे टाइपरायटरच्या अक्षरांवर फडकं टाकून शिकवत. नजर फक्त कागदावर. बटणांकडे पाहिलं की मास्तर बोटांवर पट्टी मारत. कॉम्प्युटरवरही त्यांनी तीच सवय नेली. पडद्याकडे कामापुरतं पाहायच्या, एरवी सगळं बोटांनाच पाठ. भाई त्यांची थट्टा करायचे, "बाय माझी आंधळी कोशिंबीर खेळते नि सरांच्या पुढं जाते." सगळे हसत. मीही हसायचो, पण मला ते लागायचं. हल्ली गिऱ्हाइकं आत येऊन विचारू लागली होती, बाई आहेत का?

त्या मशीनला दोन फ्लॉपी लागत. वरच्या खाचेत कामाची. दर शनिवारी दुकान बंद करताना खालच्या खाचेत दुसरी घालायची आणि आठवड्याचं काम तिच्यावर उतरवायचं. त्यासाठी मी एक छोटा मेनू तयार केला होता. मेनूत तीन दाबला की कॉपी निघायची. चार दाबला की उलटं, जुनी कॉपी कामाच्या फ्लॉपीवर परत यायची, तिथलं नवं पुसून. दोन्ही वेळा मशीन आधी विचारायचं, नक्की ना? तीन, मग होकाराचं बटण, हे बाईंच्या बोटांत बसलं होतं.

एका शुक्रवारी, बाई मागच्या खोलीत डबा खात होत्या तेव्हा, मी तो मेनू बदलला. कारण काय तर आकड्यांची जुळणी माझ्या हाताला सोयीची हवी होती, आणि दरवेळी 'नक्की ना' विचारलेलं मला बावळटपणाचं वाटायचं. मी तीन आणि चारची अदलाबदल केली, प्रश्न काढून टाकला. बाईंना सांगितलं नाही. विसरलो असं मी स्वतःला पुढे अनेक वर्षं सांगत आलो. विसरलो नव्हतो. मनात आलं होतं, पडद्याकडे बघायची सवय लागू दे जरा.

त्या आठवड्यात खाडीतल्या शिंपल्यांवर, म्हणजे कालवांवर, प्रबंध लिहिणारे एक संशोधक रोज बाईंच्या शेजारी बसत होते. शेवटची दोन प्रकरणं ते तोंडी दुरुस्त करत, बाई थेट मशीनवर बदलत. कागदावर काहीच नव्हतं. पुन्हा पुन्हा टाइप करण्याचा कागद वाचतो म्हणून तर ते आमच्याकडे आले होते. छपाई सोमवारी व्हायची होती. शनिवारी संध्याकाळी बाईंनी खालच्या खाचेत फ्लॉपी घातली, पर्स आवरता आवरता तीन दाबला आणि घरी गेल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी प्रकरण उघडलं ते आदल्या आठवड्याचं. दुसरं उघडलं, तेही तसंच. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, जरा बघता? काहीतरी जुनंच येतंय."

मी पडद्यासमोर बसलो आणि मला क्षणात सगळं कळलं. बाई संशोधकांना निरोप द्यायला शेजारच्या दुकानातल्या फोनवर गेल्या. त्या परत येण्याच्या आत मी मेनू पूर्वीसारखा केला. तीनला तीन, चारला चार. प्रश्नही जागेवर ठेवला. इतकं चपळ काम मी त्या मशीनवर कधी केलं नव्हतं.

मग भाईंना बोलावलं आणि बाईंसमोर पडदा दाखवला. भाईंनी विचारलं, "मग झालं काय?"

बाई बराच वेळ मेनू वाचत राहिल्या. माझ्या देखत त्यांनी तो पहिल्यांदाच नीट वाचला असेल. "म्हणजे मी चार दाबला असणार," त्या म्हणाल्या. "पण होकारसुद्धा दिला मी?"

"घाईत होतं असं," मी म्हणालो. तेही समजुतीच्या सुरात.

संशोधक भला माणूस. चिडला, मग आठवून आठवून सगळं पुन्हा सांगायला बसला. या वेळी शेजारी मी होतो. त्याला विद्यापीठाकडे मुदत वाढवून मागावी लागली. भाईंनी बाईंना एका शब्दानं दुखावलं नाही, एवढंच म्हणाले, "बाय, मशीन सरांकडंच राहू दे." बाई पुढच्या बाजूला टाइपरायटरवर प्रतिज्ञापत्रं करू लागल्या.

नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तीच मला सर्वांत जास्त खाते. बाई आता बटणांकडे बघून टाइप करू लागल्या होत्या. एक ओळ झाली की थांबायच्या, वाचायच्या, पुन्हा खाली बघायच्या. वेग गेला. वकिलांचे कारकून दाराशी ताटकळू लागले, कुणी टोमणे मारी. बाईंचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास मी काढून घेतला होता. माझ्या एका वाक्यानं तो परत आला असता. ते वाक्य तोंडात घेऊन मी कितीदा तरी त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि कार्बन पेपर मागून परत आलो. पावसाळा संपता संपता त्यांनी काम सोडलं. निरोप घेताना मला म्हणाल्या, "सर, तुम्ही सांभाळून घेतलंत, नाहीतर भाईंनी तेव्हाच काढलं असतं."

पुष्कळ वर्षांनी त्या चिपळूणच्या एसटी स्टँडवर भेटल्या. बरोबर कॉलेजातली मुलगी. माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "यांनी मला कॉम्प्युटर शिकवला होता. पण तुझ्या आईचा हात धांदरट, पुन्हा कधी शिवले नाही मी त्याला." मुलगी हसली. ती आईला घरच्या कॉम्प्युटरवर बसायचा आग्रह करत होती म्हणे, आणि आई नाही म्हणत होती. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. भाई वारल्याचं सांगितलं. अलोऱ्याची गाडी लागली तेव्हा त्यांची पिशवी उचलून खिडकीतून आत दिली आणि म्हणालो, सावकाश जा.

खरं तर त्या खिडकीशी म्हणायचं होतं ते असं: बाई, तुम्ही तीनच दाबला होता. आकडे मी बदलले होते, आणि तुम्ही फोनवर गेलात तेव्हा मीच ते परत लावले. मुलीसमोर सांगतो, तुमचा हात धांदरट नाही, कधीच नव्हता. मला क्षमा करा.