देव घेतला का, साहेब?

त्या वर्षी मी देवाशी जवळजवळ अबोला धरला होता, आणि तरी रोज पूजा करत होतो. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण नोकरदार माणसाला कळेल. सही करायची म्हणून हजेरीपटावर सही करतात, तशी माझी पूजा चालली होती. आमच्या लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं, अशी रीत. मैंदर्गीची माझी अव्वा, म्हणजे आई, त्याबाबतीत फार कडक. लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत, नाहीतर स्वामींकडून नवं मिळेपर्यंत, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे तिनं मला लहानपणी इतक्या वेळा बजावलं होतं की माझा हात दिवसातून दहादा आपसूक गळ्याशी जायचा. हात जायचा, मन मात्र जात नव्हतं.

मी वनखात्यात गार्ड होतो. सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा गवताळ माळ माझ्या ताब्यात होता. जंगल म्हणावं असं तिथं काहीच नाही. नजर पोहोचेल तिथवर गवत, अधूनमधून बाभळी, काळविटांचे कळप आणि नशीब असेल तर एखादा माळढोक. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. शिकारबंदीचा नवा कायदा आला होता खरा, पण शहरातून जीप घेऊन येणारे हौशी लोक त्याला भीक घालत नव्हते. आदल्या वर्षी मी दोन गुन्हे पकडले होते आणि दोन्ही सुटले. पहिल्यात पंच फुटले. दुसऱ्यात मी पंच आणायला गेलो तेवढ्यात मुद्देमालच कुणीतरी लांबवला, आणि वर मलाच ठपका मिळाला. खरं वागणाऱ्याच्या पाठीशी देव उभा राहतो म्हणतात, मग माझ्या वेळेला तो कुठं गेला होता? हा प्रश्न मी रोज लिंगाकडे बघून विचारायचो आणि उत्तराची वाट न बघता उठायचो.

चौकीत माझ्याबरोबर लालसाबमामा असायचा. कागदोपत्री वनमजूर, पण माळ त्याच्या पायाखालचा. वय पन्नाशीपुढचं. मला साहेब म्हणायचा आणि माझ्यावर हुकूम चालवायचा. माझी पाण्याची खाकी बाटली रोज रात्री तोच भरून ठेवायचा. "तुमचं देवाचं उरकंपत्तर तुमी काय पित न्हाईव, मग भरायचं बी इसरताव," असं त्याचं म्हणणं.

वैशाखातली सकाळ होती. उजाडलं होतं, मी नुकता पूजेला बसलो होतो, लिंग तळहातावर होतं, आणि बंदुकीचा बार झाला. पाठोपाठ दुसरा. मी ताडकन उठलो. टोपी घेतली, बाटली खांद्याला अडकवली आणि बाहेर पळालो. मामा काठी घ्यायला आत शिरला आणि लगेच माझ्या मागं आला. थोडं अंतर आम्ही बरोबरच पळालो. मग मामा म्हणाला, "साहेब, तुमी रस्त्याकडं जावा. मी वगळीनं जाऊन मागनं अडवतो." वगळ म्हणजे माळ चिरत गेलेली कोरडी घळ. मी मान हलवली आणि रस्त्याकडे वळलो. त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

जीप मला रस्त्याच्या अलीकडे सापडली. तिघं होते. मेलेलं काळवीट ओढत जीपकडे आणत होते. मी आडवा झालो. एकानं माझी कॉलर धरून मला गवतात ढकललं, दुसऱ्यानं जीप चालू केली, आणि काळवीट तिथंच टाकून ते वैरागच्या दिशेनं पसार झाले. पण गाडीचा नंबर मी वाचला होता आणि मुद्देमाल माझ्यासमोर पडला होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. या वेळी केस सुटू द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. एक एस.टी. आली, ती थांबवून कंडक्टरजवळ रेंज ऑफिससाठी चिठ्ठी दिली आणि मी काळविटाशेजारी बसलो. जागचं हलायचंच नाही असं ठरवलं. कावळे हाकलले, कुत्री हाकलली. त्या नादात राहिलेल्या पूजेची आठवण झाली नाही की गळ्याशी हात गेला नाही. मामा आला नाही, तेव्हा वाटलं, पंच आणायला गावात गेला असेल, शहाणा माणूस आहे. ऊन चढत गेलं तसं हे मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

रेंजरसाहेब जीप घेऊन आले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. त्यांनी काळवीट पाहिलं, नंबर लिहून घेतला, माझी पाठ थोपटली आणि विचारलं, "लालसाब कुठंय?"

"गावात गेला असेल, साहेब."

"गावातूनच आलो मी. तिथं नाही तो."

बार झाल्याला पाच-सहा तास होऊन गेले होते. त्या लोकांजवळ बंदूक होती. मामाजवळ काठी होती आणि पाणी नव्हतं. रेंजरसाहेब आणि त्यांचा ड्रायव्हर मी सांगितलं त्याप्रमाणे वगळीकडे धावले, हाका मारू लागले. मीही निघालो. पण सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही नव्हता. अर्धवट राहिलेली पूजा बाभळीखाली दोन मिनिटांत उरकू आणि घोटभर पाणी घेऊ, म्हणून हात गळ्याशी नेला. गळ्यात लिंग नव्हतं.

शर्टाच्या आत पाहिलं, खिसे उलटे केले. कॉलर धरली तेव्हाच दोरा तुटला असणार. मी ढकलला गेलो होतो तिथलं गवत हातांनी विंचरलं. काही नाही. मग पळताना पडलं असेल. बाटली खांद्यावर गच्च भरलेली होती, जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि आता पाणी पिता येणार नव्हतं. भक्ती आटली होती, मग पाणी प्यायला काय हरकत होती? पण हात झाकणाकडे जाईना. अव्वाचा धाक म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नाही. मान खाली घालून मी माळावरून चौकीच्या वाटेनं परत निघालो, तेव्हा रेंजरसाहेबांना वाटलं, मी लालसाबला शोधतोय. मी लिंग शोधत होतो. तोंडानं मामाला हाका मारत होतो आणि डोळे सुपारीएवढ्या वस्तूसाठी धुळीवर खिळले होते.

सकाळी आम्ही जिथं वेगळे झालो त्या जागी आलो. माझ्या बुटांचे ठसे सरळ चौकीपर्यंत मागं जात होते. लिंग पडलंच असेल तर त्या उरलेल्या वाटेवर, दोन-तीन फर्लांगांत, सापडायला हवं होतं. आणि तिथंच धुळीत दुसरे ठसे दिसले. मामाची चप्पल टायरची होती, त्या टायरची नक्षी फुफाट्यात स्पष्ट उमटली होती. ती वगळीकडे उजवीकडे थोडी जाऊन एकदम डावीकडे वळली होती, लांब लांब टांगा टाकत. म्हणजे मामा वगळीत गेलाच नव्हता. सगळे भलतीकडेच शोधत होते.

मी तिथं उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण उभा राहिलो हे खरं. एकीकडे माझा देव, दुसरीकडे माझा माणूस. पाण्याशिवाय आपण आणखी तासभरही टिकणार नाही, आधी लिंग सापडलं तर पाणी पिऊन तरतरीनं शोधता येईल, असा सोयीचा हिशेबही मनात येऊन गेला. मग मी मोठ्यानं म्हणालो, "शिवा, तू थांब. आधी त्याला बघतो." त्या वर्षातली ती माझी पहिली खरी प्रार्थना असावी.

टायरचे ठसे गवतात शिरले आणि संपले. पुढं दुष्काळी कामावर खणलेली विहीर होती. पाणी लागलं नाही म्हणून तशीच सोडून दिलेली, कठडा नाही, काठावर कमरेएवढं वाळलं गवत. मी पोटावर सरकत जाऊन खाली डोकावलो. पंचवीस-तीस फुटांवर मामा भिंतीला टेकून पडला होता, एक पाय नको तसा वळलेला. मी हाक मारली. त्यानं फक्त हात हलवला.

मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. पहिल्यांदा आला तो एक धनगर. परवाच मी त्याची मेंढरं राखीव गवतातून हाकलून दिली होती आणि त्याला नाही नाही ते बोललो होतो. आपल्यालाच पुन्हा हाकलतोय असं वाटून तो दुरूनच ओरडला, "जातो की बाबा, किती फुकालाव शिट्टी!" मी नुसतं विहिरीकडे बोट दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि लगेच घोड्यावरची वाघूर उतरवली. मेंढरं कोंडायची दोरांची ती लांबलचक जाळी. रेंजरसाहेब आणि ड्रायव्हर पोहोचेपर्यंत त्यानं ती पिळून दोरखंडासारखी केली होती आणि टोकाला झोळी ठेवली होती. तिघांनी वरून धरली आणि मी उतरलो.

खाली भट्टीसारखी धग होती. मामाचे ओठ फुटले होते. मी बाटलीचं झाकण काढलं आणि ती त्याच्या तोंडाला लावली. तो प्याला, थांबला, पुन्हा प्याला. बाटली अर्धी झाल्यावर त्याला आवाज फुटला. "जीपची धूळ बघत पळालो, पाय बघितलाच न्हाय. लई आरडालो साहेब, मग आवाजच गेला." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुमी प्या की. कोरडे पडलाव."

"मामा, माझं लिंग हरवलंय. मला पाणी चालत नाही."

"हरवलंय? देव चौकीतच हाय की, दिवळीत. काठी घ्यायला आत गेलो तवा बघितला. वाटलं, झटापटीत दोरा तुटंल म्हणून तुमीच काढून ठिवलाव."

मी त्या कोरड्या विहिरीच्या तळाशी बसलो आणि मामाचा हात धरून रडलो. बार ऐकताच मी लिंग भिंतीतल्या दिवळीत ठेवलं होतं, आणि रोजच्या सवयीनं गळ्यात घातलं असं धरून चाललो होतो. ते हरवलं नव्हतंच. पण हरवलं असं वाटलं म्हणून मी मान खाली घालून चाललो, नाहीतर मीही क्षितिजाकडे बघत हाका मारत फिरलो असतो. आणि गळ्यात असतं तर बाभळीखाली मी ती बाटली संपवली असती.

मामाला झोळीत बांधून वर घेतलं आणि जीपनं सोलापूरला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास उन्हात गेले असते तर सांगता येत नव्हतं. पाय वाचला, जरा आखूड राहिला. इकडे कुत्र्यांनी काळविटाचा निम्मा फडशा पाडला आणि केस पुन्हा लंगडी झाली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण झोप उडाली नाही.

इस्पितळातून चौकीवर परतलो तेव्हा दिवस मावळत होता. लिंग दिवळीतच होतं. मी ते तळहातावर घेतलं, राहिलेली पूजा पुरी केली आणि बाटलीत मामानं उरवलेलं पाणी प्यालो. त्या दिवशी मी काहीच मागितलं नाही. देव आपल्याजवळ आहे की नाही याची खातरजमा मी इतकी वर्षं हातानं करत आलो होतो. तो आपल्या हाताबाहेरही आपलं काम करत असतो, एवढं मला कळलं. त्याला चमत्कार म्हणायचं की माझा विसराळूपणा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढं मामा बरा होऊन माळावर आला. तेव्हापासून चौकीतून पाऊल टाकण्याआधी तो रोज विचारायचा, "देव घेतला का, साहेब?" मी गळ्याला हात लावून म्हणायचो, "घेतला." मग तो लंगडत पुढं व्हायचा. आता मामा नाही, मीही कधीच निवृत्त झालो. घराबाहेर पडताना तो प्रश्न माझा मीच विचारतो. पण गळ्याशी हात नेण्याआधी मागं वळून बघतो, बरोबरचं माणूस येतंय ना.