कोठडीतलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात मी शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेलो. माझी सायकल चोरीला गेली, म्हणून तिथल्या पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेलो. पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडलेलं होतं, नवं अजून लिहिलेलं नव्हतं.

लिंबाखाली बाजेवर दोन माणसं बसली होती, दोघंही बनियनवर. त्यातला हवालदार कोणता तेच कळेना. शेवटी एकाच्या कमरेला किल्ली दिसली. बोलता बोलता तो ती सारखी चाचपत होता.

"आणि हे कोण?" मी दुसऱ्याकडे बघत विचारलं.

"आरोपी. टँकरवर मारामारी केली."

"मग बाहेर कसा? कोठडी नाही का?"

"हाय की. भरलीय."

मी डोकावलो. गजांआड पाण्याची पिंपं उभी होती आणि दाराला भलं मोठं कुलूप. टँकरचं पाणी तिथं उतरवून सकाळी वाटायचे. वस्तीत कुलूप लागेल अशी खोली ती एकच.

माझा गोंधळ आणखी वाढला. "अहो, पण हा पळून गेला तर?"

हवालदारानं पुन्हा किल्ली चाचपली. "कुठं जातंय? पानी हितं हाय."

आरोपीनं मान डोलावली, जणू त्याचाच जबाब वाचून दाखवला होता.

मग हवालदारानं कुलूप काढून तांब्या भरून आणला. आधी आरोपीला दिला, मग मला.

सायकलीचं पुढं काय झालं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की तक्रार लिहून झाल्यावरही संध्याकाळपर्यंत मी त्या बाजेवरून उठलो नाही.