ओटीतली हळद

आज हळदीचा पुडा फोडला आणि वासासरशी शेवगावचा रस्ता आठवला. तेव्हा मी नवी नवरी, लग्न करून सासरी निघालेले. ह्यांनी तीन मालकांनी वापरलेली मोटार घेतली होती. रेडिएटर गळका, आणि महायुद्धामुळे नवा मिळत नव्हता. वाटेत ती वाफा सोडत थांबली. मागून आमच्याच वऱ्हाडाच्या बैलगाड्या आल्या.

"बैलं जोडू का?" म्हणत चुलतसासरे हसत पुढं गेले. ह्यांची मान खाली गेली. मला ते सोसवेना.

मोटार निवल्यावर मी ओटीतली हळदीची पुडी रेडिएटरमध्ये ओतली. कापलेल्या बोटाला हळद लावतात, तेवढंच मला ठाऊक.

"अगं, ओटीची हळद हाय ती," हे म्हणाले.

"असू द्या. पानी वता."

गळती थांबली. वेशीआधीच आम्ही वऱ्हाड गाठलं. चुलतसासऱ्यांच्या शेजारून जाताना पिवळ्या हातानं भोंगा मीच दाबला.