जिथून उचललं तिथेच

आमचे हे रानउंदीर पकडतात आणि सोडून देतात. हसा खुशाल! शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "मग पकडतात कशाला, हौस म्हणून?" तिला काय कपाळ सांगणार?

संध्याकाळी शेतांच्या कडेने पिंजरे लावायचे, सकाळी बघायचे. सापडला त्याच्या रक्ताचा थेंब घ्यायचा, कानाला बिल्ला टोचायचा आणि जिथून उचलला तिथेच नेऊन सोडायचा. रक्त यांच्या प्रयोगशाळेत जातं. माणसाची मूत्रपिंडं बिघडवणाऱ्या तापाचा विषाणू त्यांच्या अंगात असतो, पण मेल्यांना स्वतःला काही होत नाही. नर भांडतात, चावतात, की याचा त्याला लागतो. धान्य भरपूर पिकलं की पिल्लावळ वाढते, गर्दी होते, मारामाऱ्याही वाढतात. बिल्लेवाला पुन्हा सापडला की कळतं, ताप कुठवर पोचला. मारले तर बाहेरचे येऊन जागा धरतात, पुन्हा नवी भांडणं. मला सगळं पाठ आहे. जेवताना दुसरा विषय निघेल तर शपथ!

शिस्त तर विचारूच नका. लेंड्यांची सुकी धूळ नाकात गेली की माणसाला ताप धरतो, म्हणून कोरडा झाडू बंद. आधी औषधाचं पाणी शिंपडायचं, मग पुसायचं. मी नुसता झाडू उचलला तरी खेकसायचे.

आणि त्यांनीच काय करावं? लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. यांनी माळ्यावरचा पाळणा काढला. थंडीत उंदरांनी त्यात घर केलं होतं. पाणी मारलं तर लाकडात ओल राहील, बाळाला सर्दी होईल, म्हणून कोरडाच झटकला. तोंडाला फडकंसुद्धा नाही! "घरातले आहेत गं, रानातले नव्हेत," म्हणे. थंडीत रानातलेच घरात शिरतात, हेही मला यांनीच शिकवलेलं.

आता तापाने फणफणून दवाखान्यात पडलेत. लघवी जवळजवळ बंद. लेकीला मीच कळवलं, येऊ नकोस. पाळणा अंगणात तसाच आहे, त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.

सकाळी नर्सने यांचं रक्त काढलं. नळी यांच्याच प्रयोगशाळेत गेली. मी थकलेय, घाबरलेय, आणि मला रागही आलाय. म्हटलं, "झालं समाधान? आता कानाला बिल्ला टोचतील."

हे हसायला गेले, तर दम लागला. माझा हात धरून म्हणाले, "टोचू देत. पण जिथून उचललं तिथेच आणून सोडा म्हणावं."