रुख्मिणीचे पांढरे केस

दर्यापूरच्या बाजारात रुख्मिणी फुलं विकायची. घरच्याच मळ्यातली शेवंती, झेंडू, निशिगंध. आवाज खणखणीत, केस काळेभोर. ते काळेपण मात्र पाकिटातलं होतं. पस्तिशीतच डोकं पिकलं, तेव्हापासून ती डाय लावायची. पुढंपुढं कानामागं खाज सुटायला लागली, मानेवर पुरळ उठायला लागलं. मेडिकलमधून खाजेची गोळी आणायची, दोन दिवस कळ काढायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा डाय.

पुतण्याच्या लग्नासाठी असाच लावला. रात्री टाळू जळजळली आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तोंड असं सुजलं, की डोळेच उघडेनात. कानांच्या पाळ्या पाझरत होत्या. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं माशी चावली. नवऱ्यानं, सहदेवनं, कोणाचं ऐकलं नाही. तिला घेऊन थेट अकोल्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"ही डायची ॲलर्जी आहे," बाई म्हणाल्या. "त्यात केस काळे करणारं पीपीडी नावाचं रसायन असतं. तुमच्या शरीरानं त्याला दुश्मन ठरवलंय."

"पण इतके वर्षं त चाललं न, मॅडम!" रुख्मिणी म्हणाली.

"खाज यायची ना? शरीर तेव्हापासून सांगत होतं. एकदा दुश्मन ओळखला की ते विसरत नाही, उलट पुढच्या वेळी जास्त जोरानं उठतं. गोळीनं खाज दबते, ॲलर्जी जात नाही."

सूज उतरल्यावर त्यांनी पाठीला औषधाच्या पट्ट्या चिकटवून तपासणी केली. पीपीडीच्या जागी लालभडक फोड आले. डाय जन्मभर बंद. लग्नात काढतात ती काळी मेंदीसुद्धा नको, त्यातही बरेचदा हेच असतं. आणि कधी सुजेबरोबर दम लागला, चक्कर आली, तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा.

रुख्मिणीनं बंद म्हणजे बंदच केलं. भांगातून पांढरं पुढं सरकू लागलं, तशा बाजारातल्या बाया विचारू लागल्या, "काहून वं, बिमार हायेस का?"

"बिमारी गेली, म्हणून पांढरे दिसून राह्यले," ती म्हणायची आणि हार गुंफत राहायची.

मग मुलीला, आचलला, बार्शीटाकळीचे पाहुणे पाहायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी अमरावतीहून नणंद आली, बेबीताई. पिशवीतून पाकीट काढून म्हणाली, "वयनी, हे हर्बल हाये. यानं काई होत नाई."

आचलनं पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. त्यात तेच नाव होतं.

"एका दिवसाचा त प्रश्न हाये," बेबीताई चिडली. "लोक काय म्हणतीन?"

"लोक पोरीले पाहाले येऊन राह्यले, ताई. मायच्या डोक्याले नाई," रुख्मिणी म्हणाली.

सहदेव चाचरत म्हणाला, "डोक्यावर पदर घे न, झालं."

"लपवाले नाई घेत मी पदर!" तिनं वेणी घातली आणि वर ठसठशीत शेवंतीचा गजरा माळला.

पाहुणे बसले. मुलाच्या काकानं तिच्याकडे पाहून विचारलं, "ह्या पोरीच्या आजी का?"

"माय हावो मी. आजी त तुमच्या घरी पाळणा हालल्यावर होईन!"

बेबीताईनं कपाळाला हात लावला. काका मात्र हटले नाहीत. "लग्नापुरते त काळे कराल न? फोटो निंगतात."

"काळे केले का डोळे सुजून बंद होतात, भाऊ. आन् पोरीचं लगन मले उघड्या डोळ्यानं पाहाचं हाये." तिनं मोबाईलमधला सुजलेल्या तोंडाचा फोटो त्यांच्यासमोर धरला.

मुलाची आई, मैनाबाई, चहाची कपबशी ठेवायच्या निमित्तानं तिच्यामागं स्वयंपाकघरात आली. काळ्याभोर केसांचा अंबाडा बाजूला करून म्हणाली, "मलेबी इथं खाज येते."

कानामागची कातडी काळी पडून खरखरीत झाली होती. "आता लावूच नोका," रुख्मिणी म्हणाली. "अकोल्याच्या मॅडमले दाखवा पह्यले. मी येतो तुमच्यासंग."

लग्न जमलं. मैनाबाईची तपासणीही झाली आणि तिचाही डाय सुटला. लग्नात ती अर्धे पांढरे, अर्धे काळे केस घेऊन जरा अवघडूनच उभी होती. बेबीताई तर तिचं पाकीट नाकारल्यापासून फुगलेलीच होती.

दोन्ही विहिणींचा फोटो काढून फोटोग्राफर म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. अल्बममधी केस काळे करून देतो."

"हात त लावून पाह्य," रुख्मिणी म्हणाली, "अल्बम तुह्याच घरी ठेवजो!"